डिझेल वेल्डिंग सेटला कोणता वायर फीडर लावावा?

पाऊस पुरता उघडला की आमच्या भागात केटी बंधाऱ्यांवर बर्गे घालायची लगबग सुरू होते. केटी म्हणजे कोल्हापूर टाइप. नदीत ओळीनं खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत एकावर एक बसणारे लोखंडी बर्गे. पावसाळ्यात ते काढून काठावर रचून ठेवलेले असतात, त्यामुळे दरसाल काहींच्या कडा गंजून गेलेल्या असतात, काहींचे हुक तुटलेले असतात. दुरुस्ती तिथंच काठावर करावी लागते. जवळपास लाईट नसते, म्हणून डिझेल वेल्डिंग सेट ट्रॉलीत घालून न्यायचा.

अशाच एका कामावर, भोगावतीच्या काठी, मी पहिल्यांदा शेडच्या बाहेर वायर फीडर नेला, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची वायर मोटरनं टॉर्चमधून सलग पुढं ढकलणारं यंत्र. रॉडनं चार दिवस लागणारं काम वायरनं दोन दिवसांत उरकेल असा हिशेब होता. फीडर नवा, वायर १.२ मिलिमीटरची, सोबत गॅसची टाकी. पहिलाच टाका घ्यायला गेलो आणि वायर जळत मागं येऊन टॉर्चच्या तोंडातल्या टिपला चिकटली. टिप बदलली, वायरचा वेग वाढवला. आता वायर न वितळताच प्लेटवर आपटायला लागली आणि टॉर्च हातातून मागं ढकलली जायला लागली. आमचे मिस्त्री तासभर बटणं फिरवून थकले आणि म्हणाले, "मालक, ही एकतर टिपला चिकटतीया, न्हाईतर प्लेटीला टोचतीया. मधलं कायच न्हाई हिच्यात."

ते "मधलं कायच न्हाई" हे नेमकं निदान होतं, पण मला तेव्हा ते कळलं नाही. फीडर बिघडलाय असं समजून मी तो दुकानात परत नेला. दुकानदारानं शेडमधल्या को-टू मशीनला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस सोडत वायरनं वेल्डिंग करणाऱ्या मशीनला जोडून दाखवला तर लोण्यासारखा चालला. फीडर चांगला होता, सेटही चांगला होता. दोघांची जोडीच जमणारी नव्हती. विकताना तुमचा सेट कोणता आहे हे त्यानं विचारलं नव्हतं आणि ते विचारायला हवं हे मला माहीत नव्हतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फॅब्रिकेशनवाल्यांशी बोलताना आजही हीच चूक ऐकायला मिळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीसी आणि सीव्ही

वेल्डिंग मशीन दोन स्वभावांची असतात. एक करंट धरून ठेवतं, त्याला सीसी म्हणतात. दुसरं व्होल्टेज धरून ठेवतं, त्याला सीव्ही म्हणतात. सगळा घोळ या दोन अक्षरांत आहे.

रॉड हातानं चालतो. माणसाचा हात कितीही सरावाचा असला तरी रॉडचं टोक प्लेटपासून कमीजास्त अंतरावर जातंच. अंतर वाढलं की व्होल्टेज वाढतं, कमी झालं की घटतं. अशा वेळी करंटही उड्या मारायला लागला तर टाका कुठं खोल, कुठं उथळ पडेल. म्हणून रॉडच्या मशीनला करंट घट्ट धरायला शिकवलेलं असतं. १२० अँपियर लावले की हात थोडा हलला तरी करंट १२० च्या आसपासच राहतो. हे सीसी.

वायरचं गणित उलटं आहे. इथं वायर मोटर ढकलते, एका ठरावीक वेगानं. पुढं आगीनं ती त्याच वेगानं वितळवली पाहिजे. समजा मिनिटाला पाच मीटर वायर येतेय, तर मिनिटाला पाच मीटरच जळली पाहिजे. साडेचार जळली तर उरलेली वायर प्लेटवर आदळणार. साडेपाच जळायला लागली तर आग मागं सरकत टिपपर्यंत पोचणार.

गुऱ्हाळावर उभं राहून पाहिलं असेल तर हे लगेच डोळ्यांपुढं येईल. काहिलीखालच्या चुलवाणात एक गडी चिपाडं सारत असतो. समजा तो डोळे झाकून एकाच लयीत चिपाडं सारतोय. आता चुलवाण असं असेल की चिपाडं तोंडाशी साठायला लागली की जाळ आपोआप वाढतो आणि कमी पडली की आपोआप मंदावतो, तर गड्याला काहीच बघायला नको. सीव्ही मशीन हे असं चुलवाण आहे. वायर प्लेटच्या जवळ गेली की व्होल्टेज पडू पाहतं. मशीनला ते पडू द्यायचं नसतं, म्हणून ते करंट ओततं. जास्त करंटनं वायर भरभर वितळते आणि अंतर पुन्हा जागेवर येतं. वायर लांब राहिली तर याच्या उलट. हे एका सेकंदात कितीतरी वेळा आपोआप घडत असतं, आणि कानाला तो एकसारखा चर्रर्र आवाज येतो.

सीसी मशीनचा जाळ मात्र ठरलेला असतो. चिपाडं साठोत की संपोत, तो तेवढाच जळणार. वायरचा वेग आणि जाळ हे दोन्ही अगदी तंतोतंत जुळले तरच टाका चालेल, आणि हात अर्धा सेंटिमीटर हलला की ते जुळणं मोडणार. मिस्त्रींनी म्हटलेलं "मधलं" सीसी सेटवर साध्या फीडरला सापडतच नाही. आमचा सेट फक्त रॉडचा होता, म्हणजे सीसी.

तुमचा सेट कोणता, हे त्याच्या नेमप्लेटवर बघायला मिळतं. आयईसी ६०९७४-१ या मानकाप्रमाणे बनवलेल्या मशीनच्या प्लेटवर एक छोटी आकृती असते. उताराला लागल्यासारखी खाली पडणारी रेघ असेल तर सीसी, जवळजवळ आडवी रेघ असेल तर सीव्ही. काही सेटवर दोन्ही आकृत्या आणि रॉड-वायर असा स्विच असतो. असा सेट असेल तर पुढची निवड फार सोपी होते. नवा सेट घेणार असाल आणि पुढं कधी वायर वापरायचा विचार असेल, तर मी म्हणेन की चार पैसे जास्त जाऊ देत, पण दोन्ही स्वभावांचाच सेट घ्या. आणि सेट फक्त एसी वेल्डिंगचा असेल तर वायरचा विचार सोडा. वायरला डीसीच लागतो.

फीडरला वीज कुठून मिळणार?

शेडमधल्या को-टू मशीनमध्ये फीडरच्या मोटरला वीज मशीनमधूनच वेगळ्या कंट्रोल केबलनं जाते. मशीनप्रमाणे ती २४, ४२ किंवा ११५ व्होल्टची असते. टॉर्चचं बटण दाबलं की त्याच केबलमधून मशीनला निरोप जातो आणि मगच वायरमध्ये करंट येतो. शेडमध्ये ही सोय उत्तम आहे. वेल्डरला फीडरवरूनच व्होल्टेज कमीजास्त करता येतं.

साइटवर मात्र या केबलचे हाल होतात. वेल्डिंगच्या जाड केबलबरोबर ही बारीक केबलही चिखलातून ओढावी लागते. तिच्यावरून ट्रॅक्टर जातो, पिना वाकतात, आत पाणी शिरतं. शिवाय सेटला त्या जातीचं सॉकेट असावं लागतं आणि पिनांची मांडणी दोन्हीकडे सारखी असावी लागते. वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी लावताना इथं हमखास फसगत होते.

दुसरी जात खास साइटसाठीच बनली आहे. पेटीसारखा बंद डबा, वर मूठ, आत वायरचं रीळ. त्याला वेगळी कंट्रोल केबल नसते. तो स्वतःच्या मोटरसाठी वीज वेल्डिंगच्या केबलमधूनच घेतो. त्यासाठी डब्यातून एक बारीक वायर आणि टोकाला चिमटा बाहेर आलेला असतो, तो जॉबला, म्हणजे ज्या लोखंडावर काम चाललंय त्याला लावायचा. होल्डरची केबल फीडरला, चिमटा जॉबला, की फीडर चालू. बोलीत याला पेटी फीडर म्हणू. अमेरिकेत लिंकनचा एलएन-२५ या जातीचा नावाजलेला फीडर आहे आणि मिलरचे याच जातीचे फीडर तिथं सुटकेस या नावानं विकले जातात. वाटेतल्या केबलमध्ये काही बिघडलं तर दुरुस्त करायला एकच केबल, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. चिमटा मात्र घासून चकाकत्या लोखंडाला लावायचा. गंजावर किंवा रंगावर लावला की मोटर आचके देते, आणि माणूस तासभर वायर ढकलणारे रोलर तपासत बसतो.

पेटी फीडरची आणखी एक खुबी आहे. व्होल्टेज त्याला कळत असल्यामुळे त्यातले बरेचसे फीडर सीसी सेटवर वेगळ्या पद्धतीनं चालतात. आपल्या चुलवाणाचा जाळ ठरलेला आहे, मग गड्यानंच जाळाकडे बघून हात कमीजास्त करायचा. व्होल्टेज वाढलं, म्हणजे अंतर वाढलं, की फीडर वायरचा वेग वाढवतो. घटलं की वेग कमी करतो. विकणारे याच जोरावर सांगतात की कोणत्याही सेटवर चालेल.

चालतो, पण मोटरला वेग बदलायला वेळ लागतो आणि जाळ त्याच्या कितीतरी आधी बदललेला असतो. १.६ किंवा २ मिलिमीटरची जाड फ्लक्स भरलेली वायर सावकाश येते, तिथं हे निभतं. ०.८ किंवा १ मिलिमीटरची भरीव वायर इतक्या झपाट्यानं येते की मोटर कायम मागं पडते. माझं स्पष्ट मत आहे की जिथं टाक्यावर माणसाचा जीव किंवा पाण्याचा दाब तोलायचा आहे, तिथं सीसी सेटवर वायर लावू नये. रॉडच वापरावा. चांगल्या वेल्डरच्या हातातल्या रॉडला कमी लेखायचं काहीच कारण नाही, आणि दिवसाकाठी दहा-पंधरा टाके एवढंच काम असेल तर रॉडइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

वाऱ्याचं ऐका

बंधाऱ्यावर त्या दिवशी सीव्ही सेट असता तरी आमचं काम बिघडलंच असतं, कारण दुपारनंतर नदीवरून वारा सुटला होता. भरीव वायरला, म्हणजे ईआर७०एस-६ ला, बाहेरून गॅसचं कवच लागतं. को-टू किंवा आर्गॉन-को-टूचं मिश्रण मिनिटाला साधारण १२ ते १८ लिटर सोडायचं. हे कवच फार नाजूक असतं. वारा सेकंदाला दोन मीटरच्या पुढं गेला, म्हणजे ताशी सात किलोमीटर, की गॅस बाजूला उडतो, हवा वितळलेल्या लोखंडात शिरते आणि टाक्यात पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं पडतात. ताशी सात किलोमीटर म्हणजे गालाला नुसता गार लागणारा, उसाचा पाला हलवणारा वारा. गॅस जास्त सोडून उपयोग नाही. जास्त जोरानं सोडलेला गॅस स्वतःच घुसळून हवा आत ओढतो.

बर्ग्यावर पिनहोल म्हणजे पाण्याची चिळकांडी. उपसा सिंचनाच्या पाइपलाइनवर त्याहून वाईट, कारण तिथं पंपाचा दाब असतो आणि गळती बहुतेक वेळा चर बुजवल्यावर कळते.

यावर दोन वाटा आहेत. एक, तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधून आत गॅसवर काम करायचं. पाइपच्या जोडाला हे जमतं, कारण एका जागी बराच वेळ काम असतं. दुसरी वाट म्हणजे स्वतःच स्वतःचं कवच तयार करणारी फ्लक्स भरलेली वायर. वायर आतून पोकळ असते, तिच्यात फ्लक्स असतो, तो जळून धूर आणि स्लॅग, म्हणजे वरची कडक खपली होतो आणि लोखंडाला झाकतो. टाकी नको, रेग्युलेटर नको, नळी नको. उघड्या माळावर आणि नदीकाठी मला हीच पसंत आहे.

पण ही वायर घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, ग्रेड. ई७१टी-जीएस ही एकाच थराच्या टाक्यासाठी आहे. पातळ पत्र्याला ठीक, जाड प्लेटला थरावर थर द्यायला चुकीची. ई७१टी-११ वर अनेक थर देता येतात, पण साधारण १९ मिलिमीटरपेक्षा जाड मालाला तीही सुचवलेली नाही. त्यापुढं आणि धक्के सोसणाऱ्या बांधकामाला ई७१टी-८. बर्ग्यांना आणि ट्रॉलीच्या चॅसीला टी-११ नं काम भागतं.

दुसरी गोष्ट पोलॅरिटी. ईआर७०एस-६ आणि गॅसवर चालणारी ई७१टी-१ यांना टॉर्च पॉझिटिव्हवर लागते. वर सांगितलेल्या गॅसविना चालणाऱ्या तिन्ही वायरींना टॉर्च निगेटिव्हवर लागते. ही अदलाबदल विसरली की छर्रे उडतात, टाका फुगतो आणि वायर खराब निघाली म्हणून आपण डबा परत करायला निघतो. पेटी फीडरवर बहुधा पोलॅरिटीचा स्विच असतो. सेटवर केबल उलटी केलीत तर तोही फिरवा.

तिसरी गोष्ट रोलर. भरीव वायरला गुळगुळीत व्ही खाच, फ्लक्सच्या वायरला दाते पाडलेली खाच. फ्लक्सची वायर पोकळ असल्यानं गुळगुळीत रोलरवर घसरते, मग माणूस दाब वाढवतो, वायर चेपते आणि टॉर्चच्या केबलमधल्या नळीत, म्हणजे लायनरमध्ये अडकते. फीडर घेतानाच दोन्ही जोड रोलर मागून घ्या. आणि या वायरचा धूर पुष्कळ असतो. टाकीचा खर्च वाचला म्हणून मास्कचा वाचवू नका.

ॲल्युमिनियमच्या बॉडीचं काम असेल तर स्पूल गन. हातातल्या टॉर्चमध्येच अर्धा किलोच्या आतबाहेरचं रीळ बसतं, त्यामुळे मऊ वायर लांब नळीतून ढकलावी लागत नाही. त्याला आर्गॉन लागतोच. लोखंडाच्या कामाला ती घेऊ नका, रीळ बदलण्यातच दिवस जाईल.

केबल व्होल्टेज खाते

रॉडवर काम करणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण सीसी सेट करंट पुरवत राहतो. वायरला मात्र एक-दोन व्होल्टनं फरक पडतो. हिशेब करून बघू. सेट काठावर, काम तीस मीटरवर. जाणारी केबल तीस मीटर, अर्थची तीस मीटर, एकूण साठ. ५० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलला किलोमीटरमागं साधारण ०.३९ ओहम रोध असतो, म्हणजे साठ मीटरला ०.०२३. २०० अँपियर वाहिले की ४.६ व्होल्ट केबलमध्येच गेले. ३५ ची केबल असेल तर साडेसहाच्या वर. ७० ची असेल तर तीनच्या थोडं पुढं.

आता २०० अँपियरच्या वायरला टॉर्चपाशी साधारण २४ व्होल्ट हवेत. ढोबळ सूत्र असं की करंटला ०.०५ नं गुणा आणि १४ मिळवा. सेटवर २४ लावलेत तर टॉर्चपाशी १९ च पोचले. टाका थंड, उंचावलेला, कडांना न चिकटलेला. टी-११ वायरची व्होल्टेजची मर्यादा तर आणखी अरुंद असते. म्हणून पेटी फीडर घेताना त्याच्यावर व्होल्टमीटर आहे का बघा, आणि सेटवरचा आकडा न बघता फीडरवरचा आकडा बघून व्होल्टेज जुळवा, तेही टाका चालू असताना. दुसरा कोणीतरी सेटपाशी उभा हवा. आमच्याकडे हे काम नव्या पोराला देतो, त्याला त्यातनं पुष्कळ कळतं.

इंजिनाचा वेग आपोआप कमी करणारी सोय सेटला असेल तर वायरच्या कामाच्या वेळी तिच्यावर लक्ष ठेवा. बटण दाबल्यावर इंजिन पूर्ण वेगावर यायला क्षण-दोन क्षण लागतात, तेवढ्यात टाक्याची सुरुवात कच्ची राहते. छोटे छोटे टाके मारायचे असतील तर ती सोय बंद ठेवा आणि थोडं डिझेल जास्त जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र मी पैशाकडे न बघता सांगेन. पेटी फीडर काँटॅक्टरवाला, म्हणजे बटण दाबल्यावरच वायरला करंट सोडणाऱ्या स्विचचा, आणि बिनकाँटॅक्टरचा, असा दोन्ही प्रकारे मिळतो. बिनकाँटॅक्टरच्या फीडरमध्ये सेट चालू आहे तोवर वायर कायम जिवंत असते, बटण दाबलेलं नसलं तरी. टॉर्च ट्रॉलीच्या कडेला टेकवली की ठिणगी. ओल्या रेतीत, भिजलेल्या चपलांनी, सेटचे साठ-सत्तर व्होल्ट हातात घेऊन उभं राहणं हा धोका कुणाच्याही पोरावर आणू नका. काँटॅक्टरवालाच घ्या.

ड्युटी सायकलचा आकडाही नीट वाचा. ३०० अँपियर, ६० टक्के याचा अर्थ दहा मिनिटांतली सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती, तोही भोवतालचं तापमान ४० अंश धरून. हा आकडा सेट, फीडर आणि टॉर्च या तिघांचा वेगवेगळा असतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. बहुतेक वेळा तो टॉर्चचा निघतो.

आणि सेट फक्त सीसी आहे, बदलायची ऐपत आत्ता नाही, पण त्याच्यावर २३० व्होल्टची वीज निघते, अशांसाठी एक मधली वाट आहे. त्या विजेवर छोटं इन्व्हर्टर को-टू मशीन चालवायचं. २०० अँपियर आणि २४ व्होल्ट म्हणजे टाक्यापाशी ४.८ किलोवॅट. मशीनमधली तूट धरून सहाच्या आसपास लागतात, आणि सेटनं त्याहून बरीच जास्त वीज द्यायला हवी, नाहीतर प्रत्येक टाक्याला व्होल्टेज खाली बसतं आणि इन्व्हर्टरचं कार्ड जातं. सेटच्या प्लेटवर २३० व्होल्टला किती किलोवॅट लिहिलेत ते बघूनच मशीन घ्या.

आम्ही पुढच्या वर्षी सीव्ही असलेला सेट, काँटॅक्टरवाला पेटी फीडर आणि पाच किलोची रिळं घेतली. पंधरा किलोच्या रिळाचा फीडरही मिळतो, पण बंधाऱ्याच्या अरुंद माथ्यावरून तो उचलून न्यायला दोन माणसं लागतात, आणि अर्धं उरलेलं रीळ नदीच्या दमटपणात गंज धरतं. ते घेऊन पुन्हा बंधाऱ्यावर गेलो तेव्हा मिस्त्रींनी टी-११ ची वायर लावली, टॉर्च निगेटिव्हला घेतली, फीडरवर १८ व्होल्ट बघून पहिल्या बर्ग्याच्या कडेवर एक लांब टाका ओढला. वारा होताच. हातोडीच्या एका फटक्यात स्लॅग सुटला आणि खालचा टाका एकसारखा निघाला. त्यांनी तो बोटानं चाचपला आणि पुढचा बर्गा ओढायला पोरांना हाक मारली.